लिंक पाठवा, पण दलाली सांगून

 

आम्ही बचत गटाच्या बाया. आमच्यातल्या काही जणी रोज डबा घेऊन पंचतारांकित एमआयडीसीत जातात, कुणी शिलाईला, कुणी पॅकिंगला. काही जणी म्हशी बघतात, दूध संस्थेला घालतात. काहींचं घरातच पापड-चटणीचं काम चालतं. महिन्यातून एकदा गटाच्या बैठकीला सगळ्या एकत्र बसतो आणि बाकीचे दिवस मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये भेटतो. आज बोलायचं आहे ते या ग्रुपमध्ये येणाऱ्या एका गोष्टीबद्दल. ती गोष्ट म्हणजे लिंक.

ग्रुपवर काय काय येतं ते तुम्हाला ठाऊक आहेच. हळदी-कुंकवाचं बोलावणं येतं, पाणी किती वाजता सुटणार ते येतं, हप्त्याची आठवण येते. आणि मधूनच येतं, "हे ॲप घ्या गं, लई चांगलं आहे", आणि खाली निळ्या अक्षरांची लांबलचक ओळ. त्या ओळीच्या शेवटी पुष्कळदा काही अक्षरं आणि आकडे असतात. तो पाठवणारीचा नंबर समजा. तुम्ही त्या ओळीवर बोट ठेवून ॲप घेतलं, की कंपनीच्या वहीत नोंद होते की ही बाई अमकीच्या सांगण्यावरून आली. आणि अमकीच्या खात्यात पैसे पडतात. कधी दहा, कधी पन्नास, कर्जाचं किंवा कार्डाचं काम असेल तर त्याहून पुष्कळ जास्त.

ही पद्धत काही चोरीची नाही. खुद्द सरकारनेही ती वापरली आहे. १४ एप्रिल २०१७ ला पंतप्रधानांनी नागपुरात 'भीम' ॲपसाठी अशीच योजना सुरू केली. तुम्ही नव्या माणसाला ॲप घ्यायला लावलं, त्याने ठरलेले व्यवहार केले, की तुम्हाला दहा रुपये आणि त्यालाही दहा रुपये. त्याच वर्षी सप्टेंबरात गूगलचं 'तेज' आलं, ज्याला आता आपण गूगल पे म्हणतो. त्यात बोलावणाऱ्याला ५१ आणि येणाऱ्यालाही ५१ रुपये मिळायचे. वडापवाल्यापासून भाजीवाल्या मावशीपर्यंत कितीतरी जण तेव्हा मोबाईलवर पैसे द्यायला शिकले. दोघांचाही फायदा होता आणि तो दोघांनाही माहीत होता.

तेव्हा आमचं पहिलं म्हणणं हे की, दलाली हा गुन्हा नाही. आपला सगळा भाग दलालीवर चालतो. ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम कमिशन घेतो, हे टोळीतल्या पोरालाही माहीत असतं. मार्केट यार्डात माल घातला की अडत जाते. पूर्वी ती शेतकऱ्याच्याच पट्टीतून कापत. २०१६ च्या जुलैत राज्य सरकारने ठरवलं, की फळं-भाजीपाल्यावरची अडत शेतकऱ्याकडून घ्यायची नाही, खरेदीदाराकडून घ्यायची. म्हणजे भांडण अडत असण्यावर नव्हतंच. अडत कुणाच्या खिशातून जाते, यावर होतं.

पोस्टाची आरडी गोळा करणारी ताई घ्या. महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना १९७२ पासून चालू आहे. ती ताई घरोघरी येते, पैसे घेते, कार्डावर लिहून देते आणि पोस्टात भरते. तिला भरलेल्या रकमेवर चार टक्के कमिशन मिळतं, ते सरकार देतं. तुमच्या शंभरातले चार रुपये कापून नाही, तुमचे शंभरच्या शंभर खात्यात जातात. तिने हे कधी लपवलं का? नाही. आणि म्हणून कुणी तिच्याबद्दल वाकडं बोलतं का? तेही नाही. उन्हातान्हात फिरते, तिचा हक्क आहे.

आता दुसरी बाजू बघा. लांबच्या प्रवासात गाडी एका ढाब्यावर थांबते. चहा पाणचट, भजी गार, आणि भाव दुप्पट. मग गाडी इथेच का थांबली? ड्रायव्हरचं ताट तिथे फुकट असतं म्हणून. हे सगळ्यांना कळतं, तरी कुणी बोलत नाही. किंवा जनावरांचा बाजार आठवा. दोन दलाल रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरवायचे. ज्याची म्हैस विकली जायची, तोच शेतकरी शेजारी उभा राहून रुमालाकडे बघत बसायचा. बाजार समितीत उघडा लिलाव हवा, असं कायद्याला सांगावं लागलं ते याच रुमालापायी.

तर मैत्रिणींनो, प्रश्न एवढाच आहे. आपल्या ग्रुपवर येणारी लिंक ही पोस्टाच्या ताईच्या कार्डासारखी आहे, की रुमालाखालच्या बोटांसारखी?

आमच्या बैठकीत यावर चांगलीच चर्चा झाली. एक जण म्हणाली, "दुकानदार आपला नफा सांगतो का? मग आम्हीच का सांगायचं?" प्रश्न रास्त आहे. पण दुकानदार काउंटरच्या मागे बसलेला असतो. तो विकतोय हे आपल्याला दिसतं. म्हणून आपण घासाघीस करतो, माल उलटा-सुलटा करून बघतो, दुसऱ्या दुकानातही विचारतो. ग्रुपवर अक्का लिहिते तेव्हा ती काउंटरच्या मागे नसते. ती आपल्या शेजारी चटईवर बसलेली असते. तिचं बाळंतपण आपण केलेलं असतं, तिने आपल्या पोरीच्या लग्नात भाकऱ्या थापलेल्या असतात. तिचं बोलणं आपण सल्ला म्हणून ऐकतो, जाहिरात म्हणून नाही. म्हणून आपण तपासत नाही. कंपनी तिला पन्नास रुपये देते ते याच न तपासण्याचे देते. आणि हा विश्वास एकट्या अक्काने कमावलेला नाही. वर्षानुवर्षं हप्ते वेळेवर भरून, एकमेकींच्या अडीनडीला उभं राहून तो सगळ्या गटाने मिळून जमवला आहे. सगळ्यांच्या पुंजीवर व्यवहार करायचा, तर सगळ्यांना सांगूनच करायला हवा.

गटात आपण दुसरं काय करतो? बचत किती, कर्ज कुणाला, व्याज काय, फेड किती झाली, सगळं वहीत लिहितो आणि बैठकीत मोठ्याने वाचतो. दूध संस्थेत फॅट लावताना मशीनवरचा आकडा समोर दिसतो आणि हातात चिठ्ठी मिळते, तसंच हे. मग मोबाईलच्या ग्रुपलाच वेगळा न्याय का?

म्हणून आम्ही ठरवलं, की ज्या लिंकवर पैसे मिळतात ती बंद करायची नाही. पण पाठवताना तीन गोष्टी लिहायच्या. पहिली, ही लिंक माझी आहे आणि यावर मला किती मिळतात. दुसरी, मी हे स्वतः वापरलं आहे का, आणि किती दिवस. तिसरी, घेणारीला काय मिळेल, काय खर्च येईल, आणि लिंकशिवाय घेतलं तर काही फरक पडतो का.

लिहायला अवघड काही नाही. समजा एखादी वहिनी असं लिहिते, "हे वीजबिल भरायचं ॲप मी सहा महिने वापरते. या लिंकवरून घेतलंत तर मला चाळीस रुपये मिळतील, तुम्हाला पहिल्या बिलात वीस रुपये सूट. नको असेल तर लिंकशिवायही ॲप मिळतं." वाचणारीच्या मनात काय येईल? येईल की, वहिनीला चाळीस मिळतात तर मिळू देत, आपली बाई आहे. आपल्यालाही वीस सुटतील. पुष्कळ जणी मुद्दाम तिच्याच लिंकवरून घेतील. सांगितल्याने गिऱ्हाईक तुटतं, ही भीती खोटी आहे. तुटतं ते नंतर कळल्यावर. मग चाळीस रुपयांपायी चाळीस वर्षांचं येणं-जाणं थांबतं.

आणि ही फक्त गटातली सोवळी-ओवळी नाही. देशाचा कायदाही हेच सांगतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली ९ जून २०२२ ला फसव्या जाहिरातींबाबत नियम आले. कुणी एखाद्या वस्तूची शिफारस करत असेल आणि त्या कंपनीकडून त्याला पैसे किंवा फायदा मिळत असेल, तर ते नातं उघड सांगितलं पाहिजे, असं त्यात आहे. जानेवारी २०२३ मध्ये मोबाईलवर, व्हिडिओत शिफारस करणाऱ्यांसाठी सरकारने वेगळी पुस्तिकाही काढली. पैसे मिळतात हे सोप्या भाषेत, सहज दिसेल असं लिहा, कुठेतरी कोपऱ्यात दडवू नका, असं त्यात सांगितलं आहे. हे नियम लाखो लोक ज्यांना बघतात त्यांना डोळ्यांपुढे ठेवून केलेले आहेत. पण लाखांना जे सांगायला हवं, ते वीस जणींना सांगायला काय हरकत आहे?

आता सांगून टाकलं की सगळं संपलं का? नाही. दुसरा प्रश्न वाटणीचा आहे. एकाच ॲपची लिंक पाच जणींकडे असते. जी आधी टाकेल तिला सगळे पैसे. सेकंड शिफ्टची बाई दुपारी कामावर जाते, मोबाईल लॉकरमध्ये ठेवते आणि रात्री घरी आल्यावर बघते, तर ग्रुपवर सगळं होऊन गेलेलं. घरी असणारीला रोज संधी आणि कामावर जाणारीला कधीच नाही, हे बरोबर नाही. त्याहून वाईट म्हणजे, ग्रुपची ॲडमिन दुसरीची लिंक काढून टाकते आणि स्वतःची ठेवते. ॲडमिनपद म्हणजे ग्रुपची राखण. राखणदाराने स्वतःच्याच म्हशीला गंजीवर सोडायचं नसतं.

याला उपाय आपल्याच घरात आहे. भिशीत आपण चिठ्ठ्या टाकतो, लहान मुलाला एक उचलायला लावतो, आणि जिचं नाव निघेल तिचा नंबर. तसंच लिंकचं करायचं. आठवड्यातून एक दिवस ठरवायचा, आपला रविवार बरा, आणि ज्या एका-दोघींची पाळी असेल त्यांनीच लिंक टाकायची. पुढच्या रविवारी दुसऱ्या दोघी. काही गटांना हे पैसे गटातच घालावेसे वाटतील. तेही चांगलं. पण पैसे येतात कुणा एकीच्याच खात्यात. म्हणून मोबाईलवरची नोंद बैठकीत दाखवायची, रक्कम वहीत लिहायची आणि दोघींनी सह्या करायच्या. आणि ज्या मावशींकडे साधाच फोन आहे, त्यांना बैठकीत वाचून दाखवायचं. उघडेपणा फक्त मोठ्या मोबाईलवाल्यांसाठी नसतो.

एमआयडीसीच्या भागात आणखी एक लिंक फिरते, कामाची. "अमक्या ठिकाणी पंचवीस बायका पाहिजेत, उद्या सकाळी गेटवर या." हा निरोप सोन्यासारखा असतो, कारण त्यावर एखाद्या घराची चूल पेटते. पुष्कळ ठिकाणी माणूस आणून देणाऱ्याला ठेकेदार माणशी काही रक्कम देतो. ती घ्यायला हरकत नाही, पण इथेही तेच. निरोपासोबत लिहा, की मला माणशी इतके मिळतात. आणि काम कुणाच्या नावावर आहे, कंपनीच्या की ठेकेदाराच्या, हातात पगार किती, पीएफ आणि ईएसआय कापतात का, शिफ्ट किती तासांची, रात्री घरी सोडायला गाडी आहे का, एवढं माहीत करून घेऊन मगच निरोप पुढे पाठवा. जिला यातलं काही माहीत नाही, तिने "मला माहीत नाही, फक्त पुढे ढकलतेय" असं लिहावं. आणि कामाला लागणाऱ्या बाईकडून फॉर्मचे, ओळखपत्राचे, कपड्यांचे म्हणून आधीच पैसे मागितले, तर ती लिंक तिथेच थांबवा. पगारासाठी घर सोडणारीकडून पगाराआधीच पैसे घेणारा तिला काम देणार नाही, हे धरून चाला.

आता सगळ्यात महत्त्वाचं. काही लिंका अशा असतात की त्यात दलाली सांगूनसुद्धा भागत नाही. त्या पाठवायच्याच नाहीत.

त्या ओळखायच्या कशा? एकच प्रश्न विचारा. पैसा कशातून येतोय? वस्तू विकून, काम करून येतोय, की नुसती माणसं आणून येतोय? आधी तुम्ही पैसे भरायचे, मग आणखी पाच जणी आणायच्या, त्यांनी आणखी पाच-पाच, असं असेल तर तो खड्डा आहे. हिशोब करून बघा. एकीने पाच आणल्या, पाचांनी पंचवीस, पंचवीसांनी सव्वाशे. असं करत दहाव्या पायरीला ९७ लाख ६५ हजार ६२५ बायका लागतात. आपल्या सगळ्या कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ३८ लाख ७६ हजार होती, बाप्ये आणि पाळण्यातली पोरं धरून. म्हणजे शेवटच्या पायरीवरची बाई बुडणार हे पहिल्या दिवशीच ठरलेलं असतं. आणि शेवटी येणारी कोण असते? जिला सगळ्यात उशिरा कळतं ती. म्हणजे जी गरीब, जी कामावर, जिने मंगळसूत्र गहाण ठेवून पैसे भरले ती.

हे काल्पनिक नाही. २०११ मध्ये 'स्पीक एशिया' नावाची कंपनी ११,००० रुपये भरून घेऊन मोबाईल-कॉम्प्युटरवर प्रश्नावली भरायचं काम देत होती आणि माणसं जोडली की बोनस देत होती. ती बंद पडली, मुंबई पोलिसांत गुन्हा दाखल झाला आणि असंख्य लोकांचे पैसे अडकले. जानेवारी २०२५ मध्ये दादरच्या 'टोरेस' दुकानापुढे लोकांची रांग लागली, ती दागिने घ्यायला नव्हे, बुडालेले पैसे मागायला. तिथेही दर आठवड्याला परतावा आणि नवा माणूस आणला की बोनस, असंच चालत होतं. चौदा वर्षं गेली, कंपनीचं नाव बदललं, खड्डा तोच राहिला. पैसे फिरवायच्या अशा योजनांवर १९७८ च्या कायद्याने बंदी आहे. घरोघरी माल विकणाऱ्या कंपन्यांसाठी डिसेंबर २०२१ मध्ये नियम झाले. सभासद करून घेण्याची फी घ्यायची नाही, असं त्यात स्पष्ट आहे. आणि लक्षात ठेवा, अशा योजनेत माणसं जोडणारी बाईसुद्धा चौकशीत येऊ शकते. "मी फक्त लिंक पाठवली" हे उत्तर पुरत नाही.

कर्जाच्या लिंकचंही असंच. सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम केला, की मोबाईलवरून दिलेल्या कर्जाचे पैसे बँकेने किंवा वित्त कंपनीने थेट कर्जदाराच्या खात्यात जमा करायचे, आणि मधल्या ॲपवाल्याची फी बँकेने द्यायची, कर्जदाराकडून घ्यायची नाही. कर्ज नक्की कुणाचं, कुठल्या बँकेचं, हे नाव दिसत नसेल तर हात लावू नका. आणि मैत्रिणीच्या गरजेवर शंभर-दोनशे मिळतात म्हणून तिला कर्जाची लिंक पाठवण्याआधी विचारा, "गटातून देऊ का?" गट त्यासाठीच आहे.

कुणी फसलंच, तर लाजून गप्प बसू नका. पैसे गेल्या गेल्या १९३० या नंबरावर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडवली जाण्याची आशा जास्त. वस्तूबद्दल, जाहिरातीबद्दल तक्रार असेल तर ग्राहकांसाठी १९१५ हा नंबर आहे. कुणी बिनपरवाना ठेवी गोळा करत असेल तर रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' संकेतस्थळावर तक्रार करता येते. गटातली शिकलेली पोरगी शेजारी बसवून घ्या. आणि फसलेलीला टोमणे मारू नका. टोमण्यांच्या भीतीने बाई गप्प बसते, आणि ती गप्प बसली की तीच लिंक पुढच्या गावात जाते.

तर मैत्रिणींनो, या महिन्याच्या बैठकीत हप्ता गोळा झाला, वही वाचून झाली, की पाच मिनिटं या विषयाला द्या. आपल्या ग्रुपवर लिंक कुणी, कोणत्या दिवशी आणि काय सांगून टाकायची, ते ठरवा. ठरेल ते वहीत लिहा आणि ग्रुपच्या वर चिकटवून ठेवा, म्हणजे नव्या येणाऱ्या सुनेलाही पहिल्या दिवशी दिसेल. तुमच्या गटाने याहून चांगला नियम केला, तर आम्हाला जरूर कळवा. आम्ही तो या कार्यक्रमात सांगू. आणि हो, तो सांगायचे आम्हाला काही मिळत नाहीत, हेही आत्ताच सांगून ठेवतो.